हरवलेला की सोडून दिलेला? (सापडलेल्या कुत्र्याची गोष्ट, आणि शोधणाऱ्यांसाठी धागा)

ओलीवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

पावसाळ्यात कामावरून येताना एका बंद शेडच्या पायरीखाली मला एक कुत्रा दिसला. मध्यम चणीचा, लांब केसांचा, पण केसांच्या नुसत्या गाठी झालेल्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि हात पुढे केला की पोट जमिनीला टेकवून मागे मागे सरकायचा. मी बघताक्षणी ठरवून टाकलं की याला कोणीतरी मारझोड करून हाकलून दिलंय. त्या न पाहिलेल्या माणसाला मी मनातल्या मनात किती शिव्याशाप दिले असतील त्याची गणती नाही. नऊ दिवस रोज त्याच वेळेला जायचं, थोडं खाणं ठेवायचं, त्याच्याकडे न बघता, थोडी पाठ करूनच बसायचं आणि अर्ध्या तासाने उठून यायचं. दहाव्या दिवशी तो माझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपला. उचलून घरी आणला, नाव ठेवलं ढगू.

गाठी कापायला दीड तास लागला. गळ्याभोवतीच्या गाठी निघाल्या तेव्हा खाली बोटभर रुंदीची एक गोल पट्टी दिसली, तेवढ्याच भागातले केस झिजून आखूड झालेले. वर्षानुवर्षं पट्टा घातलेल्या कुत्र्याला असते ना तशी. वर 'बस' म्हटलं की बसायचा, दार उघडलं तरी सांगितल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा नाही. तेव्हा पहिल्यांदा शंका आली की हा कुणाचातरी असणार. एका दवाखान्यात नेलं, तिथे मानेवरून स्कॅनर दोन सेकंद फिरवला आणि चिप (ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवतात ती, नंबर असलेली) नाही म्हणून सांगितलं. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. म्हटलं चला, आता हा आपलाच.

अडीच महिन्यांनी लसीसाठी दुसऱ्या व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी न विचारता स्कॅनर काढला आणि अगदी सावकाश, मानेपासून दोन्ही खांदे, बरगड्या, पुढचे पाय असा फिरवला. डाव्या कोपराच्या जरा वर बीप झालं. पंधरा आकडे.

त्या नंबरवर नोंदवलेला फोन बंद होता. पण चिप कुठे बसवली त्याची नोंद होती, तिथल्या जुन्या कार्डावर अजून एक नंबर मिळाला, आणि तो लागला. कुत्रा एका आजोबांचा. ते घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, त्यांना न्यायला माणसं आली, स्ट्रेचर, आरडाओरडा, दार सताड उघडं, त्या गडबडीत तो बिथरून पळाला तो पळालाच. पाच महिने झाले होते. आजोबा हॉस्पिटलच्या खाटेवरून फोन करून करून शोधत होते.

त्यांच्याकडे एक वही होती. ज्याने ज्याने कुत्रा बघितल्याचं कळवलं त्याची तारीख, वेळ, जागा, कुत्रा कुठल्या दिशेला चालला होता, सगळं बारीक अक्षरात. एकसष्ट नोंदी. शेवटची मी स्वतः वाचली. "बंद शेड, पायरीखाली. एक बाई रोज संध्याकाळी खायला घालते असे समजते." त्यांनी भाच्याला पाठवलं होतं तिथे, पण तोवर मी त्याला घरी घेऊन गेले होते.

ती बाई म्हणजे मी. मी त्याला घरी नेलं त्या दिवशी एक साधा कागद त्या शेडवर चिकटवला असता, 'इथला कुत्रा माझ्याकडे आहे' आणि खाली फोन नंबर, तर त्या माणसाचे अडीच महिने वाचले असते. हे माझ्या मनातून जात नाही म्हणून हा धागा. मळलेला, वाळलेला, माणसाला घाबरणारा प्रत्येक प्राणी टाकून दिलेला नसतो. दोन महिने बाहेर काढले की लाडाचा कुत्राही तसाच दिसतो. आणि घाबरट स्वभावाचा असेल तर मार न खाताही असाच आक्रसून बसतो. आजोबा म्हणाले, हा लहानपणापासून असाच आहे, पाहुणे आले की पलंगाखाली.

तुमचे अनुभव लिहा. हरवलेले, सापडलेले, न सापडलेले सुद्धा.

पाणवठा

वाचून पोटात गलबललं. त्याने आजोबांना लगेच ओळखलं का हो ताई?

ओलीवाट

नाही, लगेच नाही. आजोबा काठीवर, तब्येत उतरलेली, चाल बदललेली. ढगू दहा पावलांवर थांबला, शेपटी ताठ, मला वाटलं आता माझ्या मागे लपणार. आजोबांनी हाक मारली नाही, ते हळूच खुर्चीत बसले आणि हात मांडीवर उलटा ठेवला. हा पुढे आला, आधी बूट हुंगला, मग काठी, काठीवर जरा जास्तच वेळ, मग शर्टाची बाही. आणि बाहीपाशी नाक ठेवल्यावर त्याच्या घशातून जो आवाज आला तो मी अडीच महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता. भुंकणं नाही, रडणं नाही, बारीक, लांबलचक, थांबेचना. अंग इतकं हलायला लागलं की मागचे पाय घसरत होते. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

शांतनदी

ओलीवाट, दुसऱ्या व्हेटने जे केलं ते खरंतर सगळीकडेच व्हायला हवं. मी बरीच वर्षं बेघर प्राण्यांच्या एका आसऱ्यात मदत करते म्हणून लिहिते. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण बारा मिलिमीटरची, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात, पण ती कधीकधी सरकते, खांद्यावर, कोपरापाशी, छातीकडे. त्यामुळे स्कॅनर सगळ्या अंगावरून, अंगाला जवळजवळ चिकटवून आणि हळू फिरवायचा, गच्च गाठी असल्या तर अजून हळू. शिवाय आता बहुतेक चिपा १३४.२ किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीच्या असतात, जुन्या काही १२५ च्या, आणि प्रत्येक स्कॅनर दोन्ही वाचतोच असं नाही. 'चिप नाही' हे एकदा ऐकून गप्प बसू नका, दुसरीकडे परत बघून घ्या.

अजून एक, लोकांना वाटतं चिप म्हणजे जीपीएस, घरी बसून मोबाईलवर कुत्रा दिसेल. तसं नाही. तिच्यात बॅटरीच नसते, स्कॅनर जवळ नेला तरच ती आपला नंबर सांगते. बाकी सगळं त्या नंबरापुढे तुम्ही काय नोंदवलंय त्यावर. अमेरिकेत ५३ आसऱ्यांमधला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. तिथे भरकटून आलेल्या एकूण कुत्र्यांपैकी साधारण २२ टक्के मालकांकडे परत गेले, चिपवाल्यांपैकी ५२ टक्के. मांजरांचा फरक तर डोळ्यात भरतो, एकूणात २ टक्के पण नाहीत आणि चिपवाल्यांत साडेअडतीस. आणि चिप असूनही मालक मिळाला नाही त्याचं सगळ्यात मोठं कारण काय, तर फोन नंबर चुकीचा किंवा बंद. आजोबांचं झालं तेच. हे वाचणाऱ्या ज्यांच्या ज्यांच्या प्राण्याला चिप आहे त्यांनी आज उठून आपला नंबर तपासा, प्लीज.

मनीची_आई

मी इथे नवीन आहे, फक्त वाचायची, पण आज लिहिल्याशिवाय राहवेना. माझी मनी परवा रात्रीपासून नाहीये. घरातलीच मांजर, चार वर्षांची, कधी बाहेर गेलेली नाही. खिडकीची जाळी सुटली होती. मी रात्रंदिवस हाका मारतेय, गाडीवरून लांब लांब फिरून आले, काहीच नाही. ती माझ्या आवाजाला धावत येणारी आहे, येत नाहीये म्हणजे काय समजायचं?

शांतनदी

मनीची_आई, काहीही वाईट समजू नकोस. आधी गाडी बंद कर आणि घराजवळ शोध. घरातली मांजर बाहेर पडली की ती फिरायला जात नाही, ती पहिली मिळेल ती आडोशाची जागा पकडते आणि गप्प बसते. घाबरलेली मांजर ओरडत नाही, कारण ओरडलं तर शत्रूला पत्ता लागेल. तू दोन हातांच्या अंतरावर उभी राहून हाक मारलीस तरी उत्तर देणार नाही, ओळखत नाही म्हणून नव्हे, भीतीने. हरवलेल्या मांजरांचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे, त्यात सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटली तिथून ५०० मीटरच्या आतच मिळाली होती.

रात्री सगळं सामसूम झालं की टॉर्च घे, डोळ्यांच्या उंचीवर धर आणि उजेड जमिनीलगत फिरव. डोळे चमकतात. जिन्याखाली, गाड्यांखाली, पायऱ्यांच्या फटीत, रचलेल्या सामानाच्या मागे, झुडपाच्या बुडाशी. शेजाऱ्यांना 'मांजर दिसली का' असं विचारून थांबू नकोस, कारण त्यांना दिसलेली नसतेच. 'तुमची अडगळीची खोली मी स्वतः बघू का' असं विचार.

मनीची_आई

हो करते. तिची वापरलेली मातीची पेटी (शी-शूची) बाहेर ठेवा असं कुणीतरी सांगितलं, ठेवू का?

कोवळंऊन

आमच्याकडे ठेवली होती, त्याने आजूबाजूचे दोन बोके आले आणि मारामारी सुरू झाली, आमची बिचारी अजून आत दबून बसली असणार. मी तरी नाही म्हणेन. त्यापेक्षा तिच्या अंथरुणाचा तुकडा किंवा तुझा न धुतलेला टीशर्ट खिडकीखाली ठेव आणि जिथून निसटली ती खिडकी रात्री थोडी उघडी ठेव. कितीतरी मांजरं पहाटे आपणहून येऊन बघून जातात, खिडकी बंद दिसली की परत फिरतात. जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावता आला तर लाव.

वाटसरू_एक

धागा चांगला आहे पण मला एक पटलं नाही, स्पष्टच लिहितो. ओलीवाटताई, तुम्ही त्याला परत का दिलात? त्याला हाडांच्या सापळ्यातून माणसात आणलं तुम्ही. आजोबांचं वय, मोडलेलं हाड, उद्या परत पडले तर कुत्र्याचं काय? प्राण्याचं हित कशात आहे ते बघायला नको का? ज्याने सांभाळला त्याचा.

ओलीवाट

दादा, हा प्रश्न मी स्वतःला आठ दिवस विचारला. पंधरा आकडे कळल्यावर तो फोन मी लगेच नाही केला हे इथे कबूल करते, दोन रात्री तो नंबर फ्रिजवर नुसता चिकटवलेला होता. पण मला हेही कळत होतं की मी त्याची अडीच महिन्यांची आणि ते त्याची अकरा वर्षांची ओळख. त्यांच्याकडून तो हरवला, त्यांनी टाकला नाही. हरवणं हा गुन्हा नाही ना. त्यांच्या घरची परिस्थिती मी जाऊन बघून आले, भाचा रोज येतो, फिरवायला माणूस ठेवलाय. आणि मी त्यांना लिहून दिलंय की काही झालं तर पहिला फोन मला. पट्ट्यावर आता दोन नंबर आहेत, दुसरा माझा.

शांतनदी

वाटसरू, तुमची काळजी समजते, मारहाण झालेला किंवा उपाशी ठेवलेला प्राणी असेल तर मी पण डोळे मिटून परत देणार नाही, तिथे व्हेटकडून लेखी घेऊन पुढे जायचं. पण इथे तसं काहीच नव्हतं. म्हातारा माणूस आणि म्हातारा कुत्रा एकमेकांना धरून असतात, त्यांना वेगळं करण्यापेक्षा त्यांच्यामागे उभं राहणारं कुणी असलं की पुरतं.

वाटसरू_एक

ठीक आहे. पट्ट्यावर दोन नंबर हे वाचून जरा बरं वाटलं.

जुनीपायवाट

प्राण्याचा 'उपयोग' काय म्हणून विचारणारे भेटतात मला, त्यांना मी बॉनच्या पिल्लाची गोष्ट सांगतो. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली एक थडगं सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं, एक पुरुष, एक बाई आणि सोबत कुत्र्याच्या पिल्लाची हाडं. २०१८ साली त्याच्या दातांचा नीट अभ्यास छापून आला, तेव्हा लक्षात आलं की पिल्लू साडेचार-पाच महिन्यांचं असताना त्याला बहुधा डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार) झाला होता, आणि तरी ते त्यानंतर काही आठवडे जगलं, सातव्या महिन्याच्या आसपास गेलं. डिस्टेंपर झालेलं पिल्लू स्वतःच्या जोरावर इतकं टिकत नाही. म्हणजे कुणीतरी त्याला कोरडं ठेवलं, ऊब दिली, पाणी पाजलं, त्याची घाण काढली. असलं आजारी पिल्लू ना शिकारीला उपयोगाचं ना राखणीला. ओलीवाटने केसांच्या गाठी दीड तास कापल्या ना, तेच.

आणि २००५ साली अमेरिकेतल्या कॅटरिना वादळात कितीतरी माणसं घर सोडायला तयार झाली नाहीत कारण मदतीच्या गाड्यांत प्राण्यांना घेत नव्हते. शेवटी अमेरिकेला २००६ साली कायदा करावा लागला की आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राणीही धरायचे.

कोवळंऊन

जुनीपायवाट, हे माहीतच नव्हतं, मुलीला वाचून दाखवलं.

थोडं वेगळं, पण पिल्लांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मांजरीची एकटी पिल्लं दिसली की लगेच उचलून आणू नका. स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील तर आई जवळपासच असते, खाणं शोधायला गेलेली असते किंवा तुम्ही उभे आहात म्हणून येत नसते. लांब जाऊन काही तास लक्ष ठेवा. गार पडलेली, मळलेली, सतत ओरडणारी असतील किंवा जागाच धोक्याची असेल तर मात्र उचला. आणि गार पिल्लाला आधी ऊब, मग दूध, ही चूक मी स्वतः केली होती आणि एक पिल्लू गमावलं. गार अंगात दूध पचत नाही, श्वासनलिकेतही जातं. दूध सुद्धा मांजराच्या पिल्लांचंच आणा, गाईच्या दुधाने जुलाब होतात. तीन आठवड्यांच्या आतली असतील तर प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या मऊ कापडाने मागे हळूहळू पुसावं लागतं, त्याशिवाय त्यांना शू पण होत नाही, आई ते चाटून करते.

शांतनदी

अगदी. आणि ढगूसारखा हाडाचा सापळा झालेला मोठा प्राणी असेल तर भरपेट वाढायचा मोह आवरा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम खूप खायला दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जीवावर बेततं. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा, आणि व्हेटला विचारून. घरात दुसरे प्राणी असतील तर नवीन आलेल्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, पार्व्हो (कुत्र्यांना जीवघेणे जुलाब-उलट्या करणारा विषाणू) बुटांवरून सुद्धा फिरतो. घरातली माणसांची गोळी तर मुळीच नको, मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी सुद्धा मारू शकते.

पकडताना चावला किंवा ओरखडलं, तर ते आपलं लाडकं लेकरू असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून पंधरा, धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर तो टाळता येतो. यात भिडेला जागा नाही.

आरसपानी

न सापडलेल्यांचं पण लिहा म्हणालात म्हणून. आमची चिंगी सहा वर्षांपूर्वी फटाक्यांना घाबरून गेली. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीच्या वर, त्या दिवशी तिला काय ऐकू आलं असेल कोण जाणे. आम्ही दोन चुका केल्या. पहिली, दुसऱ्या दिवशी ती लांबून दिसली तेव्हा आम्ही तिघंही नाव घेत तिच्याकडे धावलो. ती अजून जोरात पळाली. नंतर कळलं की अशा अवस्थेत कुत्रा आपल्या माणसालाही ओळखत नाही, त्याला कुणीतरी मागे लागलंय एवढंच कळतं. तिथेच खाली बसायला हवं होतं, तोंड फिरवून, खाण्याची पिशवी वाजवत. दुसरी, पोस्टरवर सगळ्या खुणा लिहिल्या, मग एकाने फोन करून सगळ्या खुणा बरोबर सांगितल्या आणि पैसे मागितले. एक खूण नेहमी आपल्यापाशी ठेवायची.

ती नाही मिळाली. मेली असती तर रडून मोकळं होता आलं असतं, हे तसं नाही. अजून तिच्या रंगाचा कुत्रा दिसला की माझी मान आपोआप वळते. तिच्या पट्ट्याची जोडी होती, एक तिच्या गळ्यात गेला, दुसरा खुंटीवर आहे. काढवत नाही.

ओलीवाट

आरसपानी, काढू नका मग. राहू दे. अशाच कुणा 'बाई'ला ती मिळाली असेल आणि त्या बाईने माझ्यासारखाच कागद लावला नसेल, असं मला फार मनापासून वाटतं.

पाणवठा

मनीची_आई, काही कळलं का ग?

मनीची_आई

सापडली!!! सापडली, सहाव्या रात्री. थांबा नीट लिहिते, हात थरथरतायत.

आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या अडगळीच्या खोलीत. ते म्हणाले होते की बघितलं, नाहीये. आज शांतनदीताईंचं वाक्य तसंच्या तसं म्हटलं, मी स्वतः बघू का. त्यांनी किल्ली दिली. टॉर्च जमिनीलगत फिरवला, काही नाही. निघणार तेवढ्यात गुंडाळलेल्या गादीच्या आत दोन हिरवे ठिपके. पापणी पण हलवत नव्हती. पाच दिवस मी त्या भिंतीच्या पलीकडे उभी राहून हाका मारत होते आणि ती हे सगळं ऐकत होती. मी तिथेच धुळीत पालथी पडले, टीशर्ट पुढे सरकवला, वीस-पंचवीस मिनिटं काही बोलले नाही. मग तिने एक पंजा टीशर्टवर ठेवला. घरी आल्यावर इतकं पाणी प्यायली. नाकावर ओरखडा आहे, वजन बरंच उतरलंय.

शांतनदी

देवा! आजच व्हेटकडे ने, उद्या नको. इतके दिवस न खाल्लेल्या मांजराच्या यकृतावर चरबी चढते, वरून बरी दिसली तरी. आणि तिथेच चिप बसवून घे, नोंदणी स्वतः कर, दोन नंबर घाल.

मनीची_आई

निघतेच आहे. एकच विचारायचं होतं, चाळीस पोस्टर लावलीत, ती राहू देऊ का थोडे दिवस?

ओलीवाट

नाही ग, सगळी काढ, मोजून चाळीस. नाहीतर लोक फोन करत राहतात आणि पुढच्या वेळी कुणाचं पोस्टर लागलं की बघत नाहीत. फोन केलेल्यांना पण एकेकाला सांग सापडली म्हणून, आजोबांनी एकसष्ट जणांना सांगितलं. त्यातले नऊ जण ढगूला बघायला घरी आले होते.